वहाणा बाहेर काढताना

मंदिराच्या उत्सवात कामांची यादी लागते तेव्हा महाप्रसाद, पूजेची तयारी, सजावट यांच्यापुढे पटापट नावे पडतात. जोड्यांच्या कपाटापाशी उभे राहण्याचे काम मात्र शेवटपर्यंत रिकामे राहते आणि मग ते माझ्यासारख्या निवृत्त माणसाकडे येते. माझी तक्रार नाही. तिथे उभे राहिले की सगळा समाज भेटतो, आणि तोही वाकलेल्या स्थितीत.

गेल्या महाशिवरात्रीला बाहेर गुडघाभर बर्फ होते. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आपले जाडजूड बूट काढायला तयार होईना. म्हणाला, "काका, संडे क्लासमध्ये टीचर म्हणाल्या, शूज काढायचे म्हणजे ईगो बाहेर ठेवायचा. मग मी ईगो काढला तर शूज ठेवू शकतो ना?"

मी म्हटले, "अरे, आत गालिचा ओला होतो."

"म्हणजे ते कार्पेटसाठी आहे. ईगोसाठी नाही," असे म्हणून त्याने बूट काढले आणि तो आत गेला. त्याची शंका फिटल्यासारखी दिसली, माझी मात्र तिथून सुरू झाली. दोन्ही उत्तरे खरी होती, पण कोणतेही एक दिले की दुसरे खोटे पडल्यासारखे होत होते.

मूळचे हैदराबादचे माझे एक डॉक्टर स्नेही आहेत, फारसी आणि उर्दूचे चांगले जाणकार. त्यांना ही गंमत सांगितली तर ते हसले आणि म्हणाले, तुमच्या या पोराचा प्रश्न नऊशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि तोसुद्धा वहाणांवरूनच. त्यांनी मला इमाम गझालींचे 'मिश्कात अल्-अन्वार' हे छोटे पुस्तक भाषांतरात वाचायला दिले.

गझाली हे साधे गृहस्थ नव्हेत. इराणातल्या तूस गावी १०५८ साली जन्मलेला हा माणूस तिशीतच बगदादच्या निजामिया विद्यापीठाचा मुख्य अध्यापक झाला. १०९५ मध्ये वर्गात शिकवता शिकवता त्यांची वाचा बसली, तोंडातून शब्द फुटेना. वैद्य म्हणाले, दुखणे मनाचे आहे. शेवटी त्यांनी मुलाबाळांपुरती तरतूद ठेवून बाकीचे वाटून टाकले, मक्केला जातो असे सांगून बगदाद सोडले आणि दमास्कस, जेरुसलेमकडे फकिरासारखे राहिले. १११२ उजाडण्याआधीच, बाराव्या शतकाच्या आरंभी म्हणजे ११११ साली, ते आपल्या गावी वारले.

कुराणात मूसाची, म्हणजे ख्रिस्ती-ज्यू परंपरेतल्या मोझेसची, गोष्ट आहे. त्याला दूर आग दिसते, तो जवळ जातो, आणि आज्ञा होते की तू पवित्र खोऱ्यात उभा आहेस, वहाणा काढ. सूफी या वहाणांचा अर्थ लावत. दोन वहाणा म्हणजे दोन लोक, हा आणि परलोक. दोन्हींचा लोभ टाकून जो उभा राहतो त्यालाच तो आवाज ऐकू येतो. गझालींना हा अर्थ मान्य आहे. पण ते पुढे जे म्हणतात ते मला महत्त्वाचे वाटले. म्हणून मूसाच्या पायात वहाणा नव्हत्याच, किंवा त्याने त्या काढल्याच नाहीत, असे मात्र समजू नका. त्याने पायातल्या वहाणाही काढल्या आणि मनातलेही दोन लोक काढले. जो फक्त बाहेरचा अर्थ धरतो तो एका टोकाचा, जो बाहेरचा टाकून फक्त आतला धरतो तो दुसऱ्या टोकाचा, आणि दोन्ही एकत्र धरणारा तो पुरा.

पुढे ते कुत्र्याचे उदाहरण देतात. ज्या घरात कुत्रा असतो त्या घरात देवदूत येत नाहीत, असे पैगंबरांचे एक वचन सांगितले जाते. आता एखादा म्हणेल, घर म्हणजे हृदय आणि कुत्रा म्हणजे क्रोध. तेव्हा क्रोध आवरला की झाले, अंगणातला कुत्रा राहू दे. गझाली म्हणतात, असे नव्हे. आधी घरातला कुत्रा बाहेर काढ, आणि मग विचार कर की त्यात वाईट काय होते, त्याचे रूप की त्याचे अंगावर धावणे. (आपल्यापैकी निम्म्या घरांत कुत्रा सोफ्यावर झोपतो हे मला ठाऊक आहे. आमच्याही. तो अंगावर धावून जाण्याइतका उद्योगी नाही.)

हे वाचून मला वाटले, चला, पोराला सांगायला उत्तर मिळाले. बूटही काढ आणि ईगोही काढ. पण प्रश्न इतक्यात सुटणारा नव्हता, कारण डॉक्टरसाहेबांनी पाठोपाठ मन्सूर हल्लाजची गोष्ट सांगितली.

हल्लाजला बगदादमध्ये ९२२ साली हाल करून ठार मारले. आपल्याला ऐकून माहीत असते ते एवढेच की तो 'अनल हक' म्हणाला, म्हणजे मीच सत्य, आणि म्हणून त्याला मारले. आपल्याकडे 'अहं ब्रह्मास्मि' म्हटल्याबद्दल कोणी सुळावर चढले नाही, असे अभिमानाने सांगणारेही भेटतात. पण खटल्याचा वृत्तांत वाचला तर ज्या मुद्द्यावर काजीने त्याचे रक्त सांडणे योग्य ठरवले तो निराळाच आहे. हल्लाजच्या लिखाणात असे सापडले की ज्याला हजला जाणे शक्य नाही त्याने आपल्या घरात एक स्वच्छ खोली राखून ठेवावी, हजच्या दिवसांत तिच्याभोवती प्रदक्षिणा घालावी, नंतर तीस अनाथ मुलांना तिथे बोलवावे, त्यांना उत्तम जेवण स्वतः वाढावे, त्यांना कपडे आणि पैसे द्यावेत. हे केले की हज घडली.

हे ऐकताना मला एकदम आपली आषाढी आठवली. दर वर्षी आपण टाळ घेऊन मंदिराच्या पार्किंग लॉटभोवती प्रदक्षिणा घालतो आणि त्याला वारी म्हणतो. गणपती बादलीत विसर्जन करतो. गंगेचे म्हणून जे शिंपडतो ते पाणी नळाचे, त्यात एका तांब्याचे चार थेंब. परदेशातला आपला सगळा धर्म हा हल्लाजच्या त्या खोलीतला आहे! बगदादच्या त्या काजीसमोर आपली कार्यकारिणी उभी केली असती तर अध्यक्षांसकट कोणी वाचले नसते.

काजीच्या बाजूनेही बोलायला हवे. प्रत्येक गोष्ट प्रतीक म्हटली की ती मोडायला वेळ लागत नाही, ही भीती त्याला होती, आणि ती अगदी पोकळ नव्हती. हल्लाजच्या मृत्यूनंतर आठच वर्षांनी, ९३० मध्ये, हजच्याच दिवसांत कर्माती पंथाच्या लोकांनी मक्केवर हल्ला केला, यात्रेकरूंची कत्तल केली आणि काब्यातला काळा दगड उचलून नेला. बाह्य आचार म्हणजे नुसते टरफल, असे मानणाऱ्यांपैकीच ते होते. तो दगड परत यायला वीसेक वर्षे लागली.

तरीही हल्लाज त्यांच्यातला नव्हता. तो स्वतः तीनदा हजला जाऊन आला होता. आणि त्याची पर्यायी हज पाहा. ती मक्केच्या प्रवासापेक्षा सोपी आहे का? तीस अनाथ मुले शोधून आणा, वाढा, कपडे करा. आपल्या पार्किंगमधल्या वारीत मला नेमकी ती तीस मुले दिसत नाहीत. आपण खोली उचलली, प्रदक्षिणा उचलली आणि खर्चाची बाजू तेवढी गाळली.

इथे मला पहिल्यांदा वाटले की शब्दार्थ की प्रतीक, हा वाद आपण चुकीच्या जागी घालतो. अमुक अर्थ घेतल्यावर भार कोणाच्या खांद्यावर येतो, ते आधी पाहावे.

फारसी कवितेतल्या मद्याचेच घ्या. गझलच्या मैफिलीत शराब आली की कोणीतरी शेजारच्या वहिनींना हलक्या आवाजात सांगतो, ती खरी दारू नव्हे हो, ती ईश्वरप्रेमाची धुंदी. आणि सांगणाऱ्याच्या हातात खरा ग्लास असतो. असे अर्थ लावणे जुनेच आहे. १३१७ च्या सुमारास तब्रीझजवळच्या महमूद शबिस्तरीने 'गुलशन-ए-राझ' लिहिले, त्यात डोळा म्हणजे काय, ओठ म्हणजे काय, केस, मद्य, मद्यालय म्हणजे काय, याची उत्तरे दिलेली आहेत. उलट सोळाव्या शतकात बोस्नियात जन्मलेल्या सूदी नावाच्या पंडिताने हाफिजवर मोठी टीका लिहिली ती शब्दार्थ आणि व्याकरण धरून. मद्याला तो बहुतेक मद्यच म्हणतो. हाफिज नेमके काय पीत होता हा वाद आजही चालतो. मला त्यात फार रस नाही. एकनाथांच्या विंचवाच्या भारुडावर वाढलेल्या माणसाला हे नवीन नाही; विंचू कोणता ते आपल्याला आजीनेच सांगितलेले असते. कविता दोन्ही अर्थ सांभाळून असते, कोणाचे नुकसान होत नाही.

नुकसान होते ते दुसरीकडे. त्यासाठी बौद्ध परंपरेकडे वळावे लागते.

बुद्ध म्हटला की आपल्या मराठी मनात धर्मानंद कोसंबींनी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभा केलेला विवेकी बुद्ध येतो. सिद्धार्थाने एकोणतिसाव्या वर्षापर्यंत म्हातारा, आजारी आणि मृत माणूस पाहिलाच नव्हता हे कसे शक्य आहे, असा सरळ प्रश्न बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत विचारला. पण बौद्ध धर्माचा दुसरा, गूढ प्रांतही मोठा आहे, आणि तिथे शब्दार्थाचा प्रश्न जिवावरचा होता.

सद्धर्मपुण्डरीक सूत्रात भैषज्यराज बोधिसत्त्वाची कथा आहे. पूर्वजन्मी त्याने सुगंधी तेल पिऊन, अंगाला लावून, स्वतःचा देहच दिव्यासारखा जाळून बुद्धाची पूजा केली. चीनमध्ये काही भिक्षूंनी ही कथा जशीच्या तशी घेतली. कोणी बोट जाळले, कोणी सगळे शरीर. सातव्या शतकात भारतात येऊन नालंदेत दहाएक वर्षे शिकलेला इत्सिंग हा चिनी भिक्षू याविरुद्ध कळवळून लिहितो. त्याचे म्हणणे असे की बोधिसत्त्वाला जे शोभले ते विनयाचे नियम घेतलेल्या भिक्षूचे काम नाही; माणसाचा जन्म मिळणे दुर्मीळ, आणि ही तरुण मुले नीट अभ्यास करण्याआधीच तो टाकून देतात. त्याच्या लिहिण्यात मला एखाद्या शिक्षकाची काळजी दिसते.

पण मग ११ जून १९६३ आठवतो. सायगावच्या भर चौकात थिच क्वांग डुक या वृद्ध भिक्षूने बौद्धांवरच्या सरकारी अन्यायाविरुद्ध स्वतःला जाळून घेतले. त्याचा फोटो आपल्या पिढीने कुठे ना कुठे पाहिलेला आहे. त्याला चूक म्हणायला माझी जीभ उचलत नाही आणि बरोबर म्हणायलाही. भार त्याने स्वतःवर घेतला, एवढे मी म्हणू शकतो. इत्सिंगने काय म्हटले असते कोण जाणे.

तंत्रमार्गात हे आणखी अवघड होते. वज्रयानी सिद्धांची भाषाच दुहेरी, तिला संध्याभाषा म्हणतात. हरप्रसाद शास्त्रींना १९०७ मध्ये नेपाळच्या दरबार ग्रंथालयात जी चर्यापदे सापडली त्यांत डोंबी येते, होडी येते, दारू गाळणारी येते. टीकाकार सांगतात, डोंबी म्हणजे शरीरातली मधली नाडी. सगळ्यांनीच तसे घेतले नाही. तिबेटच्या पश्चिमेला गुगे नावाचे राज्य होते. तिथल्या येशे-ओ या राजाने दहाव्या शतकाच्या अखेरीस एक फर्मान काढले. त्याची तक्रार अशी की गावोगावचे तांत्रिक 'मुक्त करणे' आणि 'संयोग' हे शब्द अक्षरशः घेतात आणि धर्माच्या नावाखाली हिंसा नि व्यभिचार करतात. खरा अर्थ कळावा म्हणून त्याने रिंचेन झांगपोसारखे तरुण काश्मीरला शिकायला पाठवले. पुढे १०४२ मध्ये विक्रमशीलेचे आचार्य अतिश दीपंकर तिबेटात आले आणि त्यांनी 'बोधिपथप्रदीप' लिहिला. त्यात स्पष्ट सांगितले आहे की ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्याने काही विशिष्ट तांत्रिक दीक्षा घेऊ नयेत, व्रत मोडते. गूढ अर्थाचे कारण सांगून नियमातून सूट मागायची नाही.

हजार वर्षांपूर्वीच्या राजाची ही काळजी जुनाट वाटत असेल तर जपानकडे पाहावे. तिबेटी परंपरेत 'फोवा' नावाची एक साधना आहे, मरणाच्या वेळी जाणीव वरच्या अवस्थेत नेण्याची. ओम शिनरिक्यो पंथाचा गुरू शोको असाहारा याने 'पोवा' हा शब्द उचलला आणि त्याचा अर्थ केला: पाप करणाऱ्याला ठार मारणे म्हणजे त्याला वरच्या लोकात पाठवणे, त्याच्यावर उपकारच करणे. नोव्हेंबर १९८९ मध्ये पंथाविरुद्ध लढणारा एक वकील, त्याची बायको आणि वर्षाचे मूल यांना मारले. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सकाळच्या गर्दीत सारिन हा विषारी वायू सोडला. तेरा माणसे गेली, हजारोंना बाधा झाली. एक स्त्री पंचवीस वर्षे अंथरुणाला खिळून २०२० मध्ये वारली, ती चौदावी. असाहारा आणि त्याच्या बारा शिष्यांना जुलै २०१८ मध्ये फाशी झाली.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त काय टोचते सांगू? गाडीत विषाची पिशवी छत्रीच्या टोकाने फोडणाऱ्यांपैकी एक हृदयाची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता. बाकीचे विज्ञान आणि अभियांत्रिकी शिकलेले. आपल्या या स्मरणिकेच्या मागच्या पानांवरच्या जाहिराती पाहा, तेच पेशे. शिकलेला माणूस प्रतीक आणि शब्द यांतला फरक आपोआप ओळखतो, ही आपली समजूत तितकी पक्की नाही. त्या लोकांनी फोवा अक्षरशः घेतला असेही म्हणता येत नाही, कारण मूळ साधनेत मारणे नाही. आणि 'मारणे म्हणजे मारणे नव्हे' असे म्हणताना ते मृत्यूला चक्क प्रतीक करत होते. दोन्हीकडून जे सोयीचे तेवढे घेतले. भार मात्र सकाळी कामावर निघालेल्या परक्या माणसांवर.

बुद्धाच्या हयातीतच असा एक जण होऊन गेला. मज्झिमनिकायातल्या अलगद्दूपम सुत्तात अरिट्ठ नावाचा भिक्षू येतो, पूर्वी गिधाडे पकडण्याचा धंदा करणारा. त्याचे म्हणणे, भगवान ज्या गोष्टींना अडथळा म्हणतात त्या भोगल्या तरी खरे म्हणजे अडथळा होत नाही. बुद्ध त्याला सर्वांसमोर झापतात आणि सापाची उपमा देतात. उपदेश हा सापासारखा आहे, शेपटीकडून धराल तर तो उलटून डसेल. नावेची प्रसिद्ध उपमाही याच सुत्तात आहे: पलीकडे गेल्यावर तराफा डोक्यावर घेऊन हिंडू नका. आपल्याला तराफा आठवतो, साप आठवत नाही. पण बुद्धांनी साप आधी सांगितला.

हे सगळे वाचत असताना मला माझेच एक वाक्य पुन्हा पुन्हा आठवत होते, ते लिहूनच टाकतो.

२००४ साली आई मिरजेला आजारी होती. मला जाता येत नव्हते असे नाही. कामाची निकड होती, तिकिटे महाग होती, मुलाची परीक्षा होती. फोनवर मी तिला म्हणालो, "आई, देहाने इथे आहे एवढेच, मनाने मी तुझ्याजवळच आहे." तेव्हा मी ज्ञानेश्वरीच्या वर्गाला नियमित जात होतो, त्यामुळे असली वाक्ये सहज सुचत. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हो रे, आलं होतं तुझं मन. पण त्याला चहा कुठं करून देता येतो?"

ती रागावली नव्हती. त्या नोव्हेंबरात ती गेली आणि मी तिसऱ्या दिवशी पोहोचलो. देह आणि मन यांबद्दल मी जे बोललो ते चूक होते असे मला आजही वाटत नाही. कोणत्याही संताला विचारा, तो तेच सांगेल. फक्त ते संताने स्वतःला सांगायचे असते. मी ते तिला सांगितले, आणि त्याचे पैसे तिने भरले.

रामनवमीला तो मुलगा पुन्हा भेटला. मी त्याला बाजूला बसवून मूसाची आणि वहाणांची गोष्ट सांगितली, दोन लोकांची आणि गझालींचीही. त्याने नीट ऐकून घेतली आणि विचारले, "मग तो फायरजवळ गेला तेव्हा त्याचे शूज कोण सांभाळत होते?"

याचे उत्तर मला अजून कुठल्या पुस्तकात मिळालेले नाही. यंदा गणपतीत जोड्यांच्या कपाटापाशी आम्ही दोघे असू. पुठ्ठ्याचे बिल्ले त्याने स्वतः कापून आणले आहेत, एक ते दोनशे, प्रत्येक आकड्याचे दोन; एक जोड्यांत ठेवायला आणि एक तुमच्या हातात द्यायला.